छिद्रकारी प्रथिने

पेशीपटलावर एकत्र येऊन त्यात आरपार छिद्र पाडणारी प्रथिने. पाण्यात ती सुटी विरघळलेली असतात. पटलावर पोहोचली की एकमेकांना बिलगून गोल कडे तयार करतात. जिवाणू त्यांचा वापर हल्ल्यासाठी करतात, तर आपले शरीर बचावासाठी.

गळवे आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे अल्फा-हिमोलायसिन हे सर्वांत चांगले उमगलेले उदाहरण. त्याच्या छिद्राची रचना १९९६ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. सात रेणू पटलावर आधी कडे करतात. हे पूर्वछिद्र, म्हणजे अजून भोक पडलेले नसते. मग प्रत्येक रेणू आपल्या मध्यभागातला, प्रथिनाच्याच साखळीच्या दोन धाग्यांचा पदर खाली सोडतो आणि चौदा धाग्यांची नळी पटलाच्या मेदातून (स्निग्ध थरातून) पार होते. माझ्या मते पूर्वछिद्राची ही पायरीच या विषयाचा गाभा आहे. पटलाच्या तेलकट भागात एकट्या पदराचे हायड्रोजन बंध अपुरे राहतात, त्यामुळे तो तिथे टिकत नाही. शेजारी असला तरच ते बंध जुळतात. म्हणून आधी एकत्र येणे, मग उतरणे. नळीची बाहेरची बाजू मेदाशी जमते, आतली पाण्याशी.

नळी सर्वांत अरुंद जागी सुमारे १.५ नॅनोमीटर. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन त्यातून निसटत नाही, पण आयन मोकळे फिरतात, पाणी आत घुसते आणि पेशी फुगून फुटते. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत रक्त-आगरच्या (जिवाणू वाढवण्यासाठीच्या, रक्त मिसळलेल्या जेलीसारख्या माध्यमाच्या) बशीवर या जिवाणूच्या वसाहतीभोवती स्वच्छ वलय दिसते, ते बहुतांशी याच प्रथिनाचे काम.

रेणूंची संख्या ठरावीक नाही. ई. कोलाय जिवाणूच्या सायटोलायसिन-ए या छिद्रकारी प्रथिनामध्ये बारा. पटलातले कोलेस्टेरॉल ओळखणाऱ्या जिवाणूंच्या विषांत तीस ते पन्नास, आणि छिद्र २५ ते ३० नॅनोमीटर.

शरीराच्या मारक टी-पेशी (रोगग्रस्त पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) परफोरिन हे छिद्रकारी प्रथिन वापरतात. त्याच्या छिद्रांतून ग्रॅन्झाइम नावाची विकरे लक्ष्यपेशीत शिरतात आणि तिचा मृत्यू घडवतात. पवईची आयआयटी आणि परळचे टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींना कर्करोगी बी-पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ओळखायला लावतात. लक्ष्य नवे, पण परफोरिन हे शस्त्र त्या पेशींचे मूळचेच. कॅल्शियमशिवाय परफोरिन पटलाला चिकटत नाही, आणि टी-पेशीच्या आम्लधर्मी कप्प्यात साठवलेले असताना ते निष्क्रिय राहते.