घामाच्या वासाची लाज आधी आली, कारण मात्र नंतर कळलं

काखेत डिओ मारल्याशिवाय बाहेर पडायचं म्हटलं की आज कित्येकांना कसंतरीच होतं, पण ही सवय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. वास मात्र माणसाइतकाच जुना. याच्या काखेत बोकड राहतो असं म्हणत रोमन कवीसुद्धा लोकांची टर उडवायचे. इलाज म्हणजे आंघोळ, नाहीतर अत्तर, म्हणजे एका वासावर दुसरा वास.

मधे युरोपात भलतंच झालं. 14व्या शतकातल्या प्लेगनंतर तिथले वैद्य सांगायला लागले की गरम पाण्याने अंगाची छिद्रं उघडतात आणि रोग आत शिरतो, झालं, आंघोळीचीच धास्ती बसली. 17व्या शतकात तर श्रीमंत लोक आतला लिननचा सदरा बदलला की आपण स्वच्छ झालो असं मानायचे, मळ सदरा ओढून घेतो म्हणे. हसू येतं, पण कपडे बदलण्याचा भाग त्यांचा अगदीच चुकीचा नव्हता बरं का.

मग 19व्या शतकात जंतूंमुळे रोग होतात हा शोध, नळाचं पाणी, स्वस्त साबण वगैरे आलं आणि पाठोपाठ धंदाही आला. 1888 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'मम' नावाचं झिंकवालं क्रीम निघालं, ते बोटाने काखेत चोळायचं. 1903 चं 'एव्हरड्राय' वेगळं होतं, त्यात अल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे वास झाकायचा नाही तर घामाचीच वाट बंद करायची. डिओडरंट आणि अँटीपर्स्पिरंट हा फरक तेव्हापासूनचा आहे, आपण मात्र अजून सगळ्यालाच डिओ म्हणतो.

खरी गंमत 'ओडोरोनो'ची. अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरातल्या एका सर्जनने ऑपरेशन करताना हाताला घाम येऊ नये म्हणून एक औषध बनवलं होतं, त्याची शाळकरी मुलगी एडना मर्फी हिने ते काखेत लावून बघितलं आणि आजोबांकडून 150 डॉलर उसने घेऊन विकायला काढलं. 1912 च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात सुरुवातीला कोणी ढुंकून बघेना, ऊन चढलं तसा खप वाढला. ते लाल रंगाचं आम्लाचं पाणी होतं, लावून वाळेपर्यंत थांबायचं, कातडी चुरचुरायची, बाहीला डाग पडायचे, कापड खराब व्हायचं, तरी बायका घ्यायच्या. 1919 मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरातवाल्याने त्याची जाहिरात लिहिली, तुम्हाला वास येतो आणि तुमच्या तोंडावर कोणी सांगणार नाही, अशा थाटाची. ती छापणाऱ्या मासिकाच्या सुमारे 200 वाचक बायकांनी चिडून वर्गणी बंद केली आणि ओडोरोनोची विक्री वर्षभरात 112 टक्क्यांनी वाढली! साबणवाल्यांनीही पुढे हीच भीती विकली.

आता बघा, हे सगळं चाललं होतं तेव्हा वास नेमका कशामुळे येतो हेच पक्कं माहीत नव्हतं. ते 1953 मध्ये शेली, हर्ली आणि निकोल्स या संशोधकांनी दाखवलं. काखेतल्या अपोक्राइन नावाच्या घामग्रंथींचा घाम त्यांनी जंतू लागू न देता नळीत ठेवला तर त्याला वासच येईना, जंतू मिसळले की काही तासांत यायला लागला. म्हणजे घाम बिचारा निर्दोष, घाम खाऊन जंतू जे सोडतात त्याचा तो वास. मग काख साबणाने धुवायची, नीट कोरडी करायची, केस कमी ठेवायचे, यातलं काय कशासाठी ते आपोआप कळतं. आणि न धुतलेल्या काखेवर सेंट का टिकत नाही तेही.

सगळ्यांच्या नशिबी वास सारखा नसतो हेही पुढे कळलं. एबीसीसी-11 नावाच्या जीनच्या एका प्रकारामुळे पूर्व आशियातल्या बहुतेक लोकांना काखेचा वास जवळपास येतच नाही, आणि त्यांच्या कानातला मळसुद्धा कोरडा असतो, दोन्ही एकाच जीनचं काम.

कपड्यांचं कोडं 2014 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी थोडं सोडवलं, व्यायामानंतर पॉलिस्टरच्या टीशर्टला सुतीपेक्षा जास्त वास येत होता कारण मायक्रोकोकस जातीचे जंतू पॉलिस्टरवर जोमाने वाढत होते. त्यामुळे आंघोळ करून कालचाच जिमचा टीशर्ट चढवला तर दहा मिनिटांत पुन्हा तेच, दोष साबणाचा नाही.