काटा दीडशेवर, तरी वारा गरम

नवतपाची दुपार, बाहेर 45 अंश. एसी गार वारा देईना म्हणून माझी सोळा वर्षांची गाडी बॉनेट उघडून सावलीत उभी होती, इंजिन दोन तासांपासून बंद. मेकॅनिकने एसीच्या नळ्यांना दाब मोजायचा गेज लावला: निळा काटा कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब दाखवतो, लाल कॉम्प्रेसरमधून दाबून निघालेल्या गॅसचा. निळा काटा 150 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक), लालही तिथेच. "गॅस तं फुल्ल आहे भाऊ, कॉम्प्रेसर गेला तुमचा."

कॉम्प्रेसर धडधाकट होता. काट्यांनी दाखवलं होतं ते त्या दिवशीचं तापमान.

घरच्या सिलिंडरचंच बघा. तळाशी थोडा द्रव उरला तरी शेगडी तशीच पेटते, म्हणून सिलिंडर किती उरला हे आपण उचलून बघतो. गाडीच्या एसीतल्या आर-134ए गॅसचंही तसंच आहे. बंद नळ्यांत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो: 30 अंशांना सुमारे 97 पीएसआय, 45 ला 153. साडेचारशे ग्रॅमच्या जागी दोनशे ग्रॅम असला तरी आकडा तोच!

खरं काय ते एसी चालू केल्यावर कळतं. हा गॅस उघड्यावर उणे 26 अंशांनाच उकळतो. कूलिंग कॉइलमध्ये दाब 28 पीएसआयपर्यंत उतरला की तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेतो. कूलरमध्ये खसवरचं पाणी करतं तेच काम, फक्त हा गॅस बाहेर न जाता परत फिरतो. फिरून आला की कॉम्प्रेसर त्याला दाबून गाडीच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीत, पाठवतो; तिथे त्याला ती उष्णता बाहेर टाकायची असते, आणि बाहेरच 45 अंश असतील तर त्याला 60-65 अंशांपर्यंत तापावं लागतं. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात लाल काटा अडीचशेच्या पुढे गेला तर घाबरू नये.

माझ्या गाडीत मात्र एसी चालू करताच निळा काटा 15 पर्यंत कोसळला, लाल दीडशेच्या वर सरकेना आणि कॉम्प्रेसर जोडणारा-सोडवणारा क्लच सारखा टक-टक करू लागला. दोन्ही काटे खाली म्हणजे गॅस कमी. कॉम्प्रेसर गेला असता तर निळा वर राहिला असता, लाल खाली, दोघं जवळजवळ.

पण गॅस खर्च होत नाही, गळतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात "थोडा मारून द्या" म्हणणं मला फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखं वाटतं. त्यातून हा गॅस हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापवतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते. माझ्याकडे ती कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या शाफ्ट सीलपाशी सापडली. थंडीभर एसी बंद, तेल फिरलं नाही, सील सुकलं. आता डिसेंबरातही आठवड्यातून दहा मिनिटं लावतो, बायको हसली तरी.

सील बदलल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं. ही पायरी घाईत गाळली जाते. नळ्यांत राहिलेलं पाणी गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल बनवतं आणि आतून धातू खातं. पंपाने दाब उतरवला की ते पाणी उकळून निघून जातं. 45 अंशांत त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या एक दशांशावर आला तरी पुरतं. आपलं ऊन इथे एकदाचं कामी येतं. गेजवर 30 इंच (पाऱ्याचे, व्हॅक्यूम मोजायचं माप) दिसायला हवेत असं काही जण म्हणतात, पण नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच कमी, म्हणून काटा 29 च्या अलीकडेच थांबणार. नंतर पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहायचं; हलला तर गळती अजून आहे किंवा आत पाणी उरलंय.

मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले 450 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट घटतो, कारण कंडेन्सरमध्ये द्रवच साचून बसतो आणि दाब चढतो.

वर्धा रोडवर गाडी धावताना आता गारेगार वाटतं. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला मात्र वारा अजून कोमट होतो. तिथे गॅसला दोष नाही: थांबलेल्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा, आणि माझ्या गाडीचा पंखा हळू फिरतोय.