मिरचीचा वास जाईपर्यंत थांबायचं

चिलीच्या महागड्या रेड वाइनच्या वर्णनात 'ढोबळी मिरची, काळी मिरी, व्हॅनिला' असं वाचलं की पुष्कळांना वाटतं, हे सगळं वाइनमध्ये घालतात. यातलं काहीही घालत नाहीत. व्हॅनिलाचा वास ओकच्या पिंपांतून येतो. पिंप बनवताना लाकूड आतून भाजतात, तेव्हा त्यातल्या लिग्निन या घटकाचे तुकडे पडून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा रेणू, तयार होतो. मिरीचा वास रोटंडोन या रेणूचा. तो मिरीत असतो, तसाच काही द्राक्षांच्या सालीतही. ढोबळी मिरचीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. 'क्लो अपाल्टा'सारखी वाइन ज्या कसबावर उभी आहे, त्यात हा वास वेळेत घालवण्याचा वाटा फार मोठा आहे.

क्लो अपाल्टा चिलीच्या कोल्चाग्वा खोऱ्यातली. 'ग्रां मार्निए' हे मद्य बनवणाऱ्या फ्रेंच घराण्यातल्या मंडळींनी १९९४ साली तिथे लापोस्तोल ही वायनरी सुरू केली आणि बोर्डो या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रांतातले मिशेल रोलाँ यांना सल्लागार नेमलं. (बंगळूरजवळच्या नंदी हिल्समधल्या ग्रोव्हर वायनरीचेही ते सल्लागार होते.) या वाइनचं पहिलं वर्ष १९९७. २००५च्या वाइनला 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने २००८ची सर्वोत्तम वाइन ठरवलं. कार्मेनेर, काबर्ने सोव्हिन्याँ आणि मर्लो या बोर्डोच्या तिन्ही द्राक्षजाती यात एकत्र येतात आणि बहुतेक वर्षी मुख्य असते ती कार्मेनेर.

या कार्मेनेरला जगाने संपलेली समजून सोडून दिलं होतं. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. पुढे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण थंड, ओल्या हवेत फुलगळ होणारी आणि उशिरा पिकणारी कार्मेनेर बोर्डोच्या शेतकऱ्यांनी फारशी लावलीच नाही. मात्र सिल्वेस्त्रे ओचागाविया यांनी १८५१ साली, म्हणजे कीड पसरण्याआधीच, फ्रेंच वेली चिलीत नेल्या होत्या. अँडीज पर्वत, अटाकामा वाळवंट आणि महासागर यांच्या मधल्या त्या पट्ट्यात फायलोक्सेरा पोचली नाही. आपल्याकडे द्राक्षबाग बहुधा डॉगरिज या अमेरिकन खुंटावर असते, तर चिलीत आजही स्वमुळावरच्या जुन्या बागा दिसतात.

तिथे शंभरएक वर्षं कार्मेनेरला मर्लो समजलं गेलं. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी फ्रान्समधल्या माँपेलिएचे वेलीतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको चिलीतल्या व्हिन्या कार्मेन या वायनरीच्या बागेत फिरत होते. दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत, बाग फुलोऱ्यात. द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या टोपीसारख्या गळून पडतात आणि पुंकेसर उघडे राहतात. इथे ते पिळवटलेले होते. मर्लोचे तसे नसतात. ही कार्मेनेर होती.

घोळ केवळ नावाचा असता तर फारसं बिघडलं नसतं, पण कार्मेनेर मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकाच दिवशी तोडली की निम्मा माल कच्चा, आणि वाइनला सिमला मिरचीचा वास.

वास मिरची'सारखा' म्हणणंही तोकडं आहे, रेणू तोच आहे. आयसोब्युटिल-मेथॉक्सिपायराझिन (यापुढे आयबीएमपी) १९६९ साली ढोबळी मिरचीत ओळखला गेला आणि १९७५ साली काबर्ने सोव्हिन्याँत सापडला. पाण्यात लिटरमागे सुमारे २ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. ऑलिम्पिक जलतरण तलावात २५ लाख लिटर पाणी असतं. तेवढ्याला ५ मिलिग्रॅम पुरतात! रेड वाइनमध्ये इतर वास त्याला झाकतात, म्हणून तिथे १० ते १५ नॅनोग्रॅम लागतात.

वेल हा रेणू ल्युसिन या अमिनो आम्लापासून बनवते असं मानतात. आधी हायड्रॉक्सिपायराझिन तयार होतं, त्याला फारसा वास नसतो. मग एक मिथाइलट्रान्सफरेज विकर (एन्झाइम) त्याच्या ऑक्सिजनवर मिथाइल गट चढवतं आणि वास प्रकट होतो. हे विकर बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते त्याचं नाव व्हीव्हीओएमटी३. मणी हिरवे असताना ते जोरात चालतं, मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे मणी मऊ पडून रंगू लागले, की मंदावतं, आणि साठलेला आयबीएमपी घटत जातो. घडावर ऊन पडलं तर साठा मुळातच कमी होतो, पण हे ऊन पाणी उतरण्याआधी मिळायला हवं. नंतर पानं काढून फारसा उपयोग नाही. बागायतदाराच्या हातातला निर्णय असा तोडणीच्या कितीतरी आधीच होऊन जातो.

कारण वायनरीत हा रेणू हटत नाही. आंबवताना तो टिकतो, पिंपात महिनोन्महिने ठेवला तरी टिकतो. घडाच्या हिरव्या देठातही तो भरपूर असतो, म्हणून क्लो अपाल्टात मणी देठापासून हाताने सुटे करतात. टेकडीच्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या वायनरीत मणी आणि रस पंपाने ढकलत नाहीत, गुरुत्वाकर्षणाने वरच्या मजल्यावरून खाली उतरवतात. साल-बिया भरडल्या गेल्या की कडू टॅनिन रसात उतरतं, ते यामुळे टळतं.

थांबण्याची किंमतही आहे. कार्मेनेर एप्रिल-मेपर्यंत वेलीवर ठेवली की साखर चढते, आम्ल उतरतं, आणि अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास जातं. मिश्रणाची गरज इथे पडते. आम्ल आणि टॅनिनचा कणा काबर्ने सोव्हिन्याँ देते, मर्लो मऊपणा. एक जात फसली तर दुसरी सावरते, हा बोर्डोच्या लहरी हवामानातला जुना हिशेब आहे.

रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली, हा प्रचार मात्र कृपया गिळू नका. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेरॅट्रॉलचं नाव घेतात ते लिटरभर वाइनमध्ये काही मिलिग्रॅमच असतं आणि त्याच लिटरमध्ये शंभरएक ग्रॅम अल्कोहोल. अल्कोहोलची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. वाइनच्या रसायनशास्त्राचं कौतुक करायला ती औषध असावी लागत नाही.

बोर्डोत कार्मेनेर लावायला आजही परवानगी आहे, पण लागवड अगदी थोडी. तिथल्या शातो क्लेर मिलाँ या वायनरीच्या मिश्रणात ती साधारण १ टक्का असते. तिकडचा उन्हाळा आता तापत चालला आहे, आणि उशिरा पिकणाऱ्या या वेलीला पूर्वी जे आठवडे कमी पडायचे ते आता हळूहळू मिळू लागले आहेत.