मणक्यांच्या सुजेवरच्या गोळ्या : तुलना नेमकी कशाची?

इंडोमेथॅसिन चांगली, नॅप्रोक्सेन चांगली की एटोरिकॉक्सिब? अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे रुग्ण एकमेकांना हे हमखास विचारतात. या आजारात पाठ पहाटे आखडते, पडून राहिलं की दुखणं वाढतं आणि हिंडल्या-फिरल्यावर उतरतं. त्याचं मूळ सुजेत असल्याने सूज उतरवणारी गोळी इथे जेवढी लागू पडते, तेवढी साध्या कंबरदुखीत पडत नाही.

ही गोष्ट ठळकपणे दिसली ती फिनाइलब्युटाझोनमुळे. १९४९च्या सुमारास आलेल्या या औषधाने वाकून गेलेली माणसं कामाला लागली. पण काहींच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच थांबलं आणि त्यात जीव गेले. १९८४मध्ये ब्रिटनने त्याचा सर्रास वापर बंद केला, पण याच आजारासाठी, रुग्णालयापुरती मुभा ठेवली. इतक्या धोक्याच्या औषधाला राखीव जागा ठेवावीशी वाटली, यावरून त्या वेदनेची कल्पना यावी. त्याआधी मणक्यांवर क्ष-किरणांचा माराही केला जाई. आराम पडे, पण अशा रुग्णांत रक्ताचा कर्करोग वाढल्याचं कोर्ट ब्राउन आणि डॉल या ब्रिटिश संशोधकांनी १९५७मध्ये दाखवून दिलं.

साठच्या दशकात इंडोमेथॅसिन आली. रात्री घेतली की सकाळची पाठ हलकी, पण डोकेदुखी आणि चक्कर पाठीशी. पुढे डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन आल्या. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणि वेदना वाढवणारं शरीरातलं रसायन तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये उलगडलं. जठराचं अस्तर राखणारंही प्रोस्टाग्लँडिनच, म्हणून अल्सर. जठराला जपणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली.

या गोळ्यांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संशोधकांच्या स्वतंत्र जाळ्याच्या २०१५च्या आढाव्यात आरामाच्या बाबतीत कोणतीही एक गोळी स्पष्टपणे सरस ठरली नाही. म्हणून माझ्या मते तुलना करायची ती आपल्या जठराची, मूत्रपिंडांची, रक्तदाबाची. आणि ती डॉक्टरांसोबतच.

२००३च्या सुमारास टीएनएफ हे सूज भडकवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं या आजारासाठी मंजूर झाली. त्यांपैकी अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, २०१४मध्ये भारतातच आलं. तरीही युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशींत इंजेक्शनाआधी सूज उतरवणाऱ्या किमान दोन वेगवेगळ्या गोळ्या, मिळून चार आठवडे, घेऊन पाहायला सांगितलं आहे.