डॅडोच्या कडांचे फिनिशिंग

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला तेल, पाणी आणि वाफ लागू नये म्हणून टाइलचा जो पट्टा बसवतात, त्याला बांधकामात डॅडो म्हणतात. हा पट्टा जिथे संपतो, कोपऱ्यावर वळतो किंवा खिडकीपाशी तुटतो, तिथे टाइलची बाजू उघडी पडते आणि ती झाकण्याच्या किंवा घासून घडवण्याच्या कामाला कडांचे फिनिशिंग म्हणतात. कोकण किनाऱ्यावर, विशेषतः रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या घरांत, हे काम केवळ देखणेपणाचे नसते. दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात डॅडो किती टिकेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या कडांवर ठरते.

याचे कारण टाइलच्या घडणीत आहे. भिंतीसाठीच्या साध्या सिरॅमिक टाइलला चकाकी असते ती फक्त दर्शनी बाजूला. तिच्या चारही बाजू कोऱ्या भाजलेल्या मातीच्या असतात आणि ही माती स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी घेत नाही (तिचे शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते), पण तिच्या बाजूचा रंग वरच्या छपाईशी जुळत नाही आणि कापलेली धार बोटाला लागते. म्हणजे एकीत ओल मुरण्याचा धोका, तर दुसरीत धारेचा आणि विद्रूपतेचा. कड मोकळी सोडण्यासारखी दोन्हींतली एकही नाही.

फिनिशिंगचा खरा निर्णय पहिली टाइल लावण्याआधी घ्यावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक घरांत कोणी घेत नाही. ओटा ९ फूट लांब आणि टाइल २ फुटांची असेल, तर एका ओळीत चार पूर्ण टाइल आणि एक अर्धा तुकडा बसतो. हा तुकडा भिंतीच्या आतल्या कोपऱ्याकडे ठेवला, तर कापलेली बाजू दुसऱ्या भिंतीवरच्या टाइलखाली दडते आणि उघड्या टोकाला कारखान्यातून आलेली सरळ कड राहते. कारागिराने कोपऱ्यातून पूर्ण टाइलने सुरुवात केली की हेच उलटे होते, आणि मग वेडीवाकडी कापलेली बाजू पट्टीखाली लपवण्याची वेळ येते.

दुसरा प्रश्न डॅडो भिंतीच्या किती बाहेर येतो याचा. टाइल साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची, त्यात चिकटवण्याच्या मसाल्याचा थर; असा सगळा मिळून पट्टा गिलाव्याच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे येतो आणि वर एक अरुंद फळी तयार होते. तिच्यावर तळणाचा तेलकट थर आणि धूळ साचते, आणि पुसताना पाणी रेंगाळते. नव्या बांधकामात डॅडोच्या जागी गिलावा तेवढा पातळ ठेवून टाइल आणि वरची भिंत एका पातळीत आणणे हा सर्वांत चांगला उपाय होय. जुन्या जांभ्याच्या घरात मात्र तो दिसतो तितका सोपा नाही. चिऱ्यांचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने गिलावा कुठे जाड, कुठे पातळ असतो. तो टाचून काढताना शेजारचा भागही सुटतो आणि टाचणाऱ्याला थांबायचे कुठे हे कळत नाही. अशा भिंतीत गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावला की कोपरा काटकोनात नसल्याचेही दिसून येते. तिथे टाइल बाहेर ठेवून वरच्या कडेला नीट पट्टी देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पट्ट्यांमध्ये पीव्हीसी, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील हे तीन प्रकार सर्रास वापरले जातात. पट्टीचा छिद्रे असलेला पाय टाइलखालच्या मसाल्यात दाबायचा असतो, त्यामुळे ती टाइलबरोबरच बसवावी लागते. काम संपल्यावर आठवण झाली, तर वरून चिकटवायची पट्टी एवढाच मार्ग उरतो. पट्टीची उंची टाइलच्या जाडीला जुळणारी हवी. पीव्हीसी स्वस्त असते आणि गंजत नाही, पण सुमारे ८० अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते, म्हणून शेगडीच्या अगदी मागे ती नको. अ‍ॅल्युमिनियमला ओल्या सिमेंटमधील अल्कलीचे डाग पडतात. सांडलेला मसाला तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसणे गरजेचे असते. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज किनाऱ्यावर पुरता टिकत नाही. खाऱ्या वाऱ्यात ३०४ दर्जाच्या पट्टीवर तपकिरी ठिपके येतात; मॉलिब्डेनम असलेला ३१६ दर्जा अधिक टिकतो, पण महाग पडतो. ओट्याच्याच ग्रॅनाइटची पॉलिश केलेली पट्टी वर देणे हा जुना आणि अजूनही भरवशाचा पर्याय आहे, फक्त तिच्या वरच्या बाजूला किंचित उतार हवा.

बाहेरच्या कोपऱ्यावर, म्हणजे मुख्यतः खिडकीच्या बगलेत, दोन टाइल ४५ अंशांत घासून जोडतात. यात हाताची परीक्षा होते. कारागीर टाइल उलटी धरून कटर मशीनच्या डायमंड ब्लेडने मागची माती तिरकी उतरवतो, पण चकाकीपर्यंत जात नाही; साधारण १ मिलिमीटरची सपाट कड शिल्लक ठेवतो. ती ठेवली नाही तर धार काचेसारखी पातळ होते आणि कुकर किंवा परात लागताच टवका उडतो. मऊ मातीच्या सिरॅमिकपेक्षा व्हिट्रिफाइड टाइलला हा जोड अधिक मानवतो. खिडकीच्या तळाची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती असावी आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून पाणी तोडणारी खाच असावी, नाहीतर पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस उलटा फिरून टाइलच्या मागे उतरतो.

खाली ओटा आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यात पांढरे सिमेंट भरण्याची पद्धत रुळलेली आहे. ती सोडून द्यावी. ओट्याचा दगड आणि भिंत एकसारखी हलत नाहीत, त्यामुळे तिथे बारीक चीर पडतेच. २-३ मिलिमीटरची फट ठेवून तीत बुरशीरोधक सिलिकॉन भरणे योग्य. टाइलमधल्या सांध्यांसाठी एपॉक्सी ग्राउटचा (राळेच्या सांधेभरणीचा) खर्च कोकणी स्वयंपाकघरात विशेष सार्थकी लागतो, कारण आगळ (कोकमाचा घट्ट रस), चिंच आणि लिंबू यांचे आम्ल सिमेंटचे ग्राउट खात जाते आणि आगळाचा लाल डाग त्यात कायमचा मुरतो.

कामाची वेळही महत्त्वाची आहे. चाकरमानी गणपतीला येण्याआधी स्वयंपाकघर तयार व्हावे म्हणून पुष्कळ ठिकाणी टाइलचे काम ऐन श्रावणात उरकले जाते. त्या वेळी भिंत आतून ओली असते. पुढे ओल बाहेर पडताना टाइल तिला वाट देत नाही, म्हणून ती डॅडोच्या वरच्या कडेलगत निघते. तिथे लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, लांबी (रंगाखालची पुट्टी) फुगते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. खाडीची न धुतलेली रेती गिलाव्यात असेल तर हा त्रास वाढतो. दोष पट्टीचा नसल्याने पट्टी बदलून तो जात नाही. बाहेरून पाणी शिरण्याची वाट आधी बंद करावी, फुगलेली लांबी खरवडून भिंत मे महिन्यापर्यंत मोकळी वाळू द्यावी आणि मगच कडेचा सांधा भरून रंग द्यावा. टाइलवर बोटाने टकटक करून जिथे पोकळ आवाज येतो, तेवढ्याच टाइल काढून नव्याने बसवाव्यात. सगळा डॅडो उखडण्याची गरज सहसा पडत नाही.