मीटिंगमध्ये सगळ्यांना माहीत असलेलंच का बोललं जातं?

आमच्या ऑफिसात एकदा कस्टमर का सोडून जातायत यावर दीड तास मीटिंग चालली आणि सगळे आलटून पालटून एकच, की रेट जास्त आहेत. खरं तर बिलातच घोळ होत होता आणि ते फोन घेणाऱ्या मुलीला माहीत होतं, ती तिथेच बसलेली. नंतर टपरीवर चहा पिताना म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहितीच असेल."

अमेरिकेत गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली नेमकं हेच पकडलं. विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट, तीन उमेदवार, त्यातला एक निवडायचा. चौघांनाही सगळी माहिती दिली तेव्हा 83 टक्के गटांनी सरस उमेदवारच निवडला. मग त्याच्या जमेच्या बाजू चौघांत थोड्या थोड्या वाटून टाकल्या, आणि आकडा आला 18 वर! लपवत कोणीच नव्हतं. चौघांना माहीत असलेली गोष्ट निघायला चार तोंडं असतात, एकालाच माहीत असलेलीला एकच, आणि वर आपल्या बोलण्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या की बरं वाटतं, मग गाडी तिथेच फिरत राहते.

म्हणजे नुसती वेगवेगळी माहिती असलेली माणसं एकत्र बसवून भागत नाही. पण संशोधक कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा 2009 चा प्रयोग वेगळीच गंमत सांगतो. खुनाचं कोडं, खुनी शोधायचा. एकाच फ्रॅटर्निटी किंवा सॉरोरिटीतले तिघं (कॉलेजातलं मंडळ समजा) चर्चेला बसले, पाच मिनिटांनी चौथा आला. तो आपल्याच मंडळाचा असेल तर 29 टक्के गटांचं उत्तर बरोबर, दुसऱ्या मंडळाचा असेल तर 60 टक्के. आणि बाहेरच्याने काही नवीन मुद्दा आणला म्हणून नाही हां! जुन्यांपैकी एखाद्याचं मत त्या परक्याशी जुळायचं, मग आपल्याच दोस्तांसमोर त्याला अवघडल्यासारखं व्हायचं आणि तो नीट कारणं देत बसायचा, त्यात सगळ्यांचाच विचार व्हायचा. मला तर हा अवघडलेपणाच कामाचा वाटतो, एचआरवाले मात्र तो घालवायला पिकनिक काढतात.

आणि खरी मजा पुढेच. चर्चा कशी झाली असं विचारल्यावर परका असलेले गट म्हणाले, फारशी जमली नाही, उत्तराची खात्रीही कमी. आपल्या-आपल्यातले गट मात्र एकदम कॉन्फिडंट, जास्त वेळा चुकले तरीसुद्धा.