ओहाय महोत्सवाचे पाहुणे संगीतसंचालक : पार्श्वभूमी

दक्षिण कॅलिफोर्नियातले ओहाय हे छोटे गाव अनेक मराठी वाचकांना जे. कृष्णमूर्तींच्या वास्तव्यामुळे माहीत आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या, विशेषतः समकालीन रचनांच्या जगात त्याची ख्याती निराळ्या कारणाने आहे. १९४७ पासून इथे भरणाऱ्या संगीत महोत्सवाला कायमचा संगीतसंचालक नाही. दर वर्षी एका कलावंताला पाचारण केले जाते, त्या वर्षीच्या कार्यक्रमांची आखणी त्याच्या कलाने होते, सोबतचे वादक आणि गायकही बव्हंशी त्याच्याच वर्तुळातून येतात, आणि जूनमधले ते चार दिवस सरले की त्याचा अधिकार संपतो. इतर महोत्सवांत पाहुणा कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभे राहून हातवाऱ्यांनी त्याला दिशा देणारा, एखाद-दुसरी मैफल करून परततो. इथे घराच्या किल्ल्याच पाहुण्याच्या हाती दिल्या जातात.

ही पद्धत पहिल्या दिवसापासून नव्हती. आरंभीच्या काही वर्षांत एकच कंडक्टर पुन्हा पुन्हा येत असे आणि कार्यक्रमही रूढ वळणाचे असत. वळण बदलले ते १९५४ च्या सुमारास, जेव्हा महोत्सवाची सूत्रे लॉस एंजेलिसमधली नव्या संगीताची एक नावाजलेली मैफलमाला चालवणाऱ्या गृहस्थांकडे आली. त्या काळी युरोपातून परागंदा झालेले मोठे संगीतकार त्या शहरात राहत होते. शिवाय दिवसा हॉलीवूडच्या स्टुडिओत चित्रपटांचे संगीत वाजवणारे आणि समोर ठेवलेली कोणतीही स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक तिथे होते. दिवसभराच्या कामानंतर अवघड, अनोळखी रचना वाजवण्याची त्यांना हौस होती. त्यामुळे स्ट्राविन्स्की १९५५ आणि १९५६ मध्ये, तर कोपलंड १९५७ आणि १९५८ मध्ये ओहायला आले. रचनाकारानेच वाद्यवृंदासमोर उभे राहावे, ही प्रथा इथे तेव्हा रुजली. फ्रेंच रचनाकार आणि कंडक्टर पिएर बुलेझ यांनी १९६७ ते २००३ या काळात सात वेळा महोत्सवाची धुरा वाहिली, आणि ओहायचा पाहुणा म्हणजे रचनाकार-कंडक्टर हे चित्र त्यांच्यामुळे पक्के झाले.

या व्यवस्थेचा एक भाग फारसा चर्चेत येत नाही. दर वर्षी बदलणाऱ्या संगीतसंचालकामागे वर्षानुवर्षे टिकणारा कलासंचालक असतो. पाहुण्याची निवड तो करतो, पाहुण्याच्या कल्पना खर्चात आणि वेळेत बसवतो आणि काही वेळा त्याला नकारही देतो. श्रेय मात्र पाहुण्याच्या नावावर जमा होते, आणि महोत्सवाचा इतिहास सांगताना पाहुण्यांचीच यादी वाचली जाते. ही वाटणी मला अन्यायकारक वाटते, कारण महोत्सवाची स्मृती आणि सातत्य या पडद्यामागच्या पदात साठलेले आहे.

सर्वांत जास्त वाद झाला तो मात्र दुसऱ्याच निर्णयावर. संगीतसंचालकाच्या खुर्चीत कंडक्टर नसलेल्या कलावंतांना बसवण्याचा हा निर्णय एका बैठकीत झाला नाही, तो हप्त्याहप्त्याने झाला. १९९७ आणि १९९८ मध्ये पियानोवादक आणि कंडक्टर अशी जोडी नेमली गेली. २००२ मध्ये एका तंतुवाद्य चौकडीला, म्हणजे एमर्सन क्वार्टेटला, संचालकपद मिळाले, तर २००९ मध्ये एट्थ ब्लॅकबर्ड या सहा वादकांच्या संचाला. २०१३ मध्ये तर नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस आणि २०१६ मध्ये नाट्यदिग्दर्शक पीटर सेलर्स आले. आयोजकांनी याचे समर्थन कलेच्या भाषेत केले, पण त्यामागचा व्यावहारिक भाग दुर्लक्षून चालणार नाही. नव्या रचनेला तालमी अधिक लागतात, आणि तालमीचा प्रत्येक तास पूर्ण वाद्यवृंदाच्या मानधनासह मोजावा लागतो. आपल्याबरोबर आधीच तयार असलेला दहा-वीस जणांचा संच घेऊन येणारा पाहुणा ही अडचण बरीचशी मिटवतो.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सोपे होते आणि ते आजही पूर्णपणे खोडून निघालेले नाही. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या विसाव्या शतकातल्या कृती उभ्या करण्याचे कौशल्य कंडक्टरकडे असते. ते पद गेले की त्या कृती महोत्सवातून हळूहळू दिसेनाशा होणार आणि एखाद्या कलावंताचा मित्रपरिवार एवढेच महोत्सवाचे क्षितिज उरणार. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, लहान संचांचे प्रमाण निश्चितच वाढले. दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. मॉरिस यांच्या वर्षी लू हॅरिसन, हेन्री कॉवेल, चार्ल्स आइव्ह्‌ज असे अमेरिकी रचनाकार केंद्रस्थानी आले. बुलेझ यांच्या युरोपीय परंपरेत त्यांना क्वचितच इतकी जागा मिळाली असती. कंडक्टरांच्या काळातही वर्तुळे होतीच. फक्त ती प्रतिष्ठित असल्यामुळे कोणी त्यांना वर्तुळे म्हणत नव्हते.

या वादात २०१२ चा एक प्रयोग अवश्य लक्षात घ्यायला हवा. जॉन लूथर अ‍ॅडम्स यांची ‘इनुक्सुइट’ ही ९ ते ९९ तालवादकांसाठी लिहिलेली कृती त्या वर्षी महोत्सवाच्या खुल्या रंगमंचावर न होता त्याभोवतीच्या लिबी पार्कमध्ये झाली. चाळीसहून अधिक वादक झाडांखाली, हिरवळीवर, पायवाटांच्या कडेला विखुरलेले होते. श्रोते त्यांच्यामधून फिरत होते, त्यामुळे शंख, भोंगे, ढोल, झांजा यांचा मिलाफ प्रत्येकाच्या कानी निराळा पडत होता. शेवटी पिकोलो (छोटी बासरी) आणि घंटावाद्यांवर पक्ष्यांच्या हाका लिहिलेल्या आहेत, आणि पार्कातल्या सायकामोर वृक्षांवर खरे पक्षी होतेच. एवढ्या मोठ्या संचासमोर हातवारे करणारे कोणी नव्हते. आखणी, तालमी आणि वेळेचे नियोजन हे काम एका तालवादकाने आधी करून ठेवले होते. तो तालवादक, स्टीव्हन शिक, २०१५ मध्ये संगीतसंचालक झाला.

२०१७ मध्ये विजय अय्यर यांची नियुक्ती झाली, तेव्हा ‘अभिजात’ या शब्दाची कुंपणे आणखी सैल झाली. तमिळ कुटुंबातला, जॅझमध्ये वाढलेला हा पियानोवादक-रचनाकार. त्याच्या निमंत्रितांत अरुणा साईराम आणि झाकीर हुसेन हे दोघे होते. दोघांचाही जन्म मुंबईचा. साईराम यांनी अभंगांना कर्नाटक संगीताच्या व्यासपीठांवर मानाचे स्थान मिळवून दिले आहे, आणि झाकीरभाईंविषयी मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. भारतीय मैफलीत संचालक नसतो, तरी कलाकार एकमेकांना क्षणाक्षणाला दिशा देत असतात. हे कंडक्टरवाचून भागत नाही असे मानणाऱ्यांसमोर आले, याला माझ्या लेखी मोठे महत्त्व आहे.

यानंतर कंडक्टर हद्दपार झाला असे मात्र नाही. २०१९ मध्ये बार्बरा हॅनिगन या गायिकेने स्वतः वाद्यवृंदासमोर उभे राहून स्ट्राविन्स्कीचा ‘द रेक्स प्रोग्रेस’ हा ऑपेरा सादर केला. २०२० चा महोत्सव करोनाच्या साथीमुळे रद्द झाला आणि २०२१ मध्ये, जूनऐवजी सप्टेंबरमध्ये, जॉन अ‍ॅडम्स (‘इनुक्सुइट’चे जॉन लूथर अ‍ॅडम्स वेगळे) यांच्या रूपाने रचनाकार-कंडक्टर परतला. २०२२ मध्ये संगीतकार, गायक आणि नर्तकांच्या एका समूहाने सामूहिकरीत्या पद सांभाळले. २०२५ मध्ये ते बासरीवादक क्लेअर चेस यांच्याकडे आले. त्यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला, बासरीसाठी दर वर्षी नव्या रचना लिहवून घेण्याचा उपक्रम २०३६ पर्यंत चालणार आहे.

त्याआधी, २०२४ मध्ये, मित्सुको उचिदा आल्या होत्या. १९९८ च्या जोडीतल्या पियानोवादक त्याच. तेव्हा डेव्हिड झिनमन हे कंडक्टर त्यांच्याबरोबर पदावर होते. या वेळी पदावर त्या एकट्याच होत्या, महलर चेंबर ऑर्केस्ट्रा सोबत होता, आणि मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोंमध्ये, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांमध्ये, वाद्यवृंदाला इशारे त्यांनी पियानोवर बसूनच दिले.